कॅमेरा बंद ठेवणारा पाहुणा

"आणि लिंक कुणाकुणाला दिलीस?" मोतीगिरी बाबांनी विचारलं.

"कुणालाच नाही. एकट्यानं मुलाखतीचा सराव करायचा, तर कॉलची लिंक द्यायची कुणाला?"

"तरी तो येतो."

"तरी येतो…"

बाबा पाट्यावर चटणी वाटत होते. त्यांचा हात काही थांबला नाही.

दुपारचे तीन वाजत आले होते. टेकडीवरच्या बाबांच्या मठात रेंज चांगली येते, म्हणून पोरगा वर आला होता. सव्वीस वर्षांचा. चार वाजता त्याची नोकरीची मुलाखत होती, मोबाइलवरच, एकमेकांची तोंडं बघत. स्टुलावर मोबाइल टेकवलेला, समोर खुर्ची मांडलेली. अंगात कोट, गळ्यात टाय. खाली लेंगा.

बाबांनी त्याला एकदा खालून वर बघितलं.

"अर्धाच साहेब झालास होय रे?"

"खालचं दिसत नाही बाबा त्यांना."

"दिसत नाही ते नसतं का?"

पोरगा हसला. शिकलेला होता, हसणारच. पण याआधी पाच ठिकाणी त्याला नकार आला होता. खाली गावात आईला दिसेनासं होत चाललं होतं. नोकरी लागली की तिला शहरात न्यायची, डोळे दाखवायचे, असं त्यानं तिला कबूल केलं होतं. आजचं हुकलं तर पुन्हा बोलावणं कुठून येणार, ते त्याला ठाऊक नव्हतं.

"किती दिवस येतोय तो?"

"नऊ."

"तोंडानं कसा आहे?"

"तोंडच नाही. कॅमेरा बंद ठेवतो. नुसती काळी चौकट. नावाच्या जागीही काही नाही. आधी वाटलं, कुणी मित्र चेष्टा करतोय."

"बोलतो?"

"फार नीट बोलतो. म्हणतो, 'ध्रुव, स्वतःबद्दल सांगा.' मी सांगतो. मग म्हणतो, 'अजून.' मी अजून सांगतो… चांगला सराव होतो बाबा. आता मी कुठंच अडखळत नाही."

"काय काय सांगितलंस?"

"शिक्षण. कामाचा अनुभव. मग लहानपणचं. मला ताप यायचा ते. आता कुठं झोपतो ते. डोकं कोणत्या बाजूला असतं ते…"

बोलता बोलता पोरगा थांबला.

"काल त्यानं आईचं नाव विचारलं."

चटणी वाटायची थांबली.

"सांगितलंस?"

"सांगणार होतो. रेंज गेली."

बाबांनी वरवंटा पाट्यावर आडवा ठेवला.

"हा ध्रुव कोण रे?"

"मीच की! धोंडिबा म्हटलं की तिकडचे हसतात. मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात. पाचही ठिकाणी हसले. म्हणून या वेळी रीतसर नाव बदलून घेतलं. राजपत्रात छापून आलं."

"कधी?"

"झाले दहा दिवस."

"आई काय म्हणाली?"

"रडली. जुनी माणसं, त्यांना काय कळतंय…"

बाबांनी बोटाला लागलेली चटणी निपटली.

"तुझ्या आधीची तीन जगली नाहीत. तिघांची नावं काय सुंदर ठेवली होती. तुझ्या बारशाला मी होतो. तुला पाळण्यात घातलंच नाही तिनं. वरवंट्याला कुंची घातली, तोच पाळण्यात निजवला, त्यालाच झोके दिले. तू होतास माझ्या झोळीत. तिथंच वाकून तुझ्या कानात म्हणाली, धोंडिबा. मला म्हणाली, बाबा, धोंड्याकडे कोण कशाला बघतंय?"

"हा अडाणीपणा आहे, बाबा."

"आहे."

पोरगा उठला. टाय सारखा केला.

"शेवटचा एक सराव करून घेतो."

तो खुर्चीत बसला, मोबाइलवर बोट टेकवलं. काचेत त्याचं तोंड उमटलं. क्षणभर तेवढंच होतं. मग टिंग असं वाजलं आणि त्याच्या तोंडाशेजारी काळी चौकट येऊन बसली.

"ध्रुव," आवाज आला. मऊ, घरातल्या माणसासारखा. "स्वतःबद्दल सांगा."

पोरगा तोंड उघडणार, तोच बाबांनी दंडाला धरून त्याला बाजूला ओढलं. पाट्यावरचा वरवंटा उचलला, चटणीनं माखलेला होता तसाच, आणि खुर्चीत उभा केला.

काचेत आता पोराच्या जागी वरवंटा होता.

…

"अजून," आवाज म्हणाला.

वरवंटा काय बोलणार? चटणीचा एक ओघळ खुर्चीवर उतरला.

"अजून."

…

बाहेर माकडं दंगा करत होती, तीही गप्प झाली. बाबांच्या मुठीत पोराचा दंड गार पडत चालला होता.

"बरं," शेवटी आवाज म्हणाला. "चारला भेटू."

चौकट गेली.

"मी… मी त्याला वेळ सांगितली नव्हती."

बाबांनी वरवंटा नेऊन धुतला.

"मुलाखत देऊ नको म्हणता?"

"दे की. आईच्या डोळ्यांचं काय मग?"

"पण नाव कुठलं सांगू? अर्जावर ध्रुव आहे. दुसरं सांगितलं तर म्हणतील, हा माणूसच खोटा. लगेच काढून टाकतील. आणि ध्रुव सांगितलं तर…"

त्यानं स्टुलावरच्या मोबाइलकडे बघितलं.

चार वाजले.

या वेळी काचेत माणसं आली. चष्मा लावलेली एक बाई, आणि चहा पिणारे एक टकलू गृहस्थ. खरीखुरी, जिवंत माणसं. पोराला हायसं वाटलं.

"आवाज येतोय ना?" बाई म्हणाली. "आज आम्ही दोघंच आहोत हं."

पोरानं बघितलं. दोन तोंडं. त्यांच्या खाली त्याचं स्वतःचं. आणि त्याच्या अगदी लगत, काळी चौकट.

"दोघंच?"

"दोघंच. का हो?"

"काही नाही…"

"चला तर. नाव सांगा, सुरुवात करू."

पोराचे हात गुडघ्यांवर होते, लेंग्यावर, जिथं कुणाला दिसत नव्हते. तिथं त्यानं लेंगा मुठीत धरला.

"धोंडिबा," तो म्हणाला.

टकलू गृहस्थ ओठातल्या ओठात हसले. बाईनं समोरचा कागद उलटा केला, सुलटा केला.

"इथं तर ध्रुव लिहिलंय. आम्ही ध्रुवला बोलावलंय. मग तो कुठं आहे?"

कुणी बोलायला लागलं की त्याच्या चौकटीची कड उजळते. बाईची उजळून विझली. आता काळ्या चौकटीची कड हळूहळू उजळू लागली.

पोरानं मान वळवून बाबांकडे बघितलं.

"गेला म्हणून सांग," बाबा म्हणाले.