बंद वाटलेलं दार

एका राज्यात दारं होती, कुलपं होती, कुलपांना किल्ल्याही होत्या. पण कुलूप लागलं आहे की नाही, हे पाहून कोणालाच कळत नसे. किल्ली दोन्हीकडे सारखीच फिरे. आवाज होत नसे. त्या राज्यावर तसा शापच होता. दार ढकलून पाहणं एवढाच उपाय. पण दुसऱ्याचं दार न विचारता ढकलणं तिथे अपमानाचं मानत. म्हणून लोक बाहेर थांबत, वाट पाहत आणि परत जात.

तिथला राजा मणिध्वज. त्याला सुमेध नावाचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा मणिध्वजानेच त्याला अंगाखांद्यावर खेळवून वाढवलं. मोठा झाल्यावर सुमेधावर खजिन्याची राखण सोपवली. एके दिवशी त्याने किल्ली फिरवली आणि तो निर्धास्त निघून गेला. कुलूप लागलंच नव्हतं. चोरांनी खजिना धुऊन नेला.

भरल्या दरबारात राजा म्हणाला, "दार उघडं टाकून गेलास."

"मला बंद वाटलं, दादा."

"माझ्यासमोरून जा."

सुमेध गेला. बागेच्या टोकाला एक मनोरा होता, त्यात शिरून त्याने दार ओढून घेतलं. त्या दाराचं कुलूप आतूनही लागे, बाहेरूनही. राग उतरल्यावर राजा तिथे आला, तर दार मिटलेलं. त्याला वाटलं, याने आतून कुलूप घातलं. याला माझं तोंड पाहायचं नाही. दारापाशी पावलं वाजून परत गेली, तेव्हा सुमेधाला वाटलं, दादाने बाहेरून कुलूप घातलं. मी आता बंदिवान, दादाने लावलेलं दार मी कसं ढकलू? सेवक खिडकीतून सोडलेल्या टोपलीतून जेवण वर पाठवत. राजा रोज येई, दाराशी उभा राही आणि मागे फिरे.

हिवाळा आला. आतून खोकला ऐकू येऊ लागला. राजाने दाराकडे हात नेला आणि खाली घेतला. बोलायचं असेल तेव्हा उघडेल, असं त्याने मनाला समजावलं. मग एके सकाळी खोकला थांबला. तेव्हा कुठे राजा रीतभात विसरला आणि त्याने दार ढकललं. दार पडदा सरकावा तसं सहज उघडलं. त्याचं कुलूप कधी लागलंच नव्हतं. आत सुमेध निजलेला होता, थंडगार. खिडकीत त्याची पाळलेली बोलकी साळुंकी बसली होती.

साळुंकी म्हणाली, "तो तुझी पावलं ओळखत असे. तू परत जाईपर्यंत दाराकडे पाहत असे."

राजाने भावाला अग्नी दिला, राज्य राणीच्या हाती सोपवलं आणि शाप कोणी दिला ते साळुंकीला विचारलं. ती पुढे उडाली, तो मागे चालला. ऐलगाव गेलं, पैलगाव गेलं, माणसांची वस्ती संपली. काळ्या कड्याखाली एका गुहेत तमालिका नावाची जादूगारीण भट्टीपाशी बसली होती.

राजाने तिला शापाचं कारण विचारलं. तिने सांगितलं की त्याच्या आजोबाने तिला तरुणपणी तळघरात कोंडलं होतं. पुढे त्यालाच दया आली. पहारेकऱ्याने कुलूप काढलं आणि न बोलता निघून गेला. तिला ते कळलंच नाही. उघड्या दाराआड तिची सारी जवानी सरली. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी तिने शाप दिला, की मला जे कळलं नाही ते या राज्यात कोणालाच कळू नये.

राजा खाली बसला. त्याने आपलीही गोष्ट सांगितली. तमालिकेने भट्टीत निखारे सारले.

"दिलेला शाप मला मागे घेता येत नाही," ती म्हणाली. "खरं सांगणारं एक कुलूप घडवता येईल. डोळसाला दिसावं, आंधळ्याच्या हाताला कळावं, अंधारात कानांना ऐकू यावं. तीन वस्तू आण."

पहिली वस्तू रंग. रक्तसरोवराचं लाल पाणी कधी फिकं पडत नसे. तिथला यक्ष म्हणाला, "पाणी न्यायचं तर आधी याने तोंड धुवावं लागेल. मग मनातलं दुःख चेहऱ्यावर उमटेल आणि पुसलं जाणार नाही." राजाने तोंड धुतलं आणि घडा भरून घेतला.

दुसरी वस्तू लोखंड. लोहपर्वतावर आंधळा राक्षस राही. हाती लागलेल्या माणसाचं खोटं त्याला कळे आणि खोट्याला तो चिरडून टाकी. त्याने राजाचा हात मुठीत धरला. "या हाताने सर्वांत वाईट काय केलं?" राजाने लढाया केल्या होत्या, माणसं मारली होती. तरी तो म्हणाला, "दारापर्यंत गेला आणि मागे आला." राक्षसाने मूठ सोडली, लोखंडाचा तुकडा दिला आणि वाट मोकळी केली.

तिसरी वस्तू राजा गुहेत परतल्यावर तमालिकेने तिथेच मागितली. "कुलपाला आवाज हवा. दाराबाहेर उभा राहून जो शब्द बोलायचा होतास, तो दे. दिलास की तुझ्यापाशी उरणार नाही."

राजाने लोखंडाच्या तुकड्यावर ओठ टेकले आणि म्हटलं, "ये."

राजाने भाता ओढला, तमालिकेने घण घातले. कुलूप तयार झालं. दांडी आडवी आणि कुलपावरच्या इवल्या खिडकीत लाल, म्हणजे बंद. दांडी उभी आणि खिडकीत पांढरं, म्हणजे उघडं. आणि उघडताना ते हळूच "ये" म्हणे. राजाने ते नगराच्या वेशीला लावलं. त्याच घटकेला राज्यातली सारी कुलपं त्याच्यासारखी झाली. शाप मोडला.

पण नौबत झडली नाही. लोक ओट्यांवर आले, समोरच्या दारांकडे पाहू लागले आणि घरोघर रडणं ऐकू आलं. तांबट आळीत भागूबाई नावाची म्हातारी होती. भांडण झाल्यापासून ती लेकाच्या घरासमोर वेगळी राहत होती. त्याच्या दारावर तिला पांढरं दिसलं. हे कधीपासून उघडं असेल, असं तिने शेजारणीला विचारलं. शेजारणीला सांगता येईना. भागूबाईने डोळ्यांना पदर लावला आणि गल्ली ओलांडली.

मणिध्वजाने राज्य पुन्हा हाती घेतलं आणि पुष्कळ वर्षं न्यायाने चालवलं. खजिना भरला, चोर धरले गेले, राज्याची घडी बसली. मात्र "ये" हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा कधी निघाला नाही. कोणी भेटीला आलं, की राजा काही न बोलता सिंहासनावरून उठे, दारापर्यंत चालत जाई आणि आलेल्याचा हात धरून त्याला आत आणी.