मॉनिटर आणि पदराची दशी

“…मग तुम्हीच सांगा मास्तर, या दोघांतला कुठला घेऊ?”

एवढं विचारून प्रीतम उपाध्ये छाती काढून उभा राहिला. मिरजेतल्या त्याच्या स्टुडिओत टेबलावर दोन मॉनिटर मांडले होते, एकाच मुलीला बघायला दोन स्थळं एकदम यावीत तसे. दुकानदाराशी गोड बोलून त्यानं ते वापरून बघायला आणले होते.

समोर खुर्चीत दस्तगीर मास्तर. हा म्हातारा एके काळी काळ्यापांढऱ्या फोटोंत कुंचल्यानं रंग भरायचा. प्रीतमला कॅमेरा धरायला त्यानंच शिकवलं. प्रीतम हे आपण होऊन कुणाला सांगत नसे, विचारलं तर नाकारतही नसे. मोठी झालेली माणसं असंच करतात.

“हा डावीकडचा फोर के,” प्रीतम म्हणाला. “अब्जावर रंग दाखवतो.”

“बाप रे. वरच्याला तरी माहीत आहेत का एवढे?”

“उजवीकडचा साधा. चकाकत नाही. जरा मंदच आहे.”

“तुझ्यासारखा.”

प्रीतम हसला नाही.

कसा हसणार? कपाटावर कस्तुरी हुक्केरीच्या लग्नाचा अल्बम पडला होता, परत आलेला. आई लग्नाआधीच गेली, म्हणून पोरगी आईची साडी नेसून बोहल्यावर चढली होती. अल्बम उघडून तिनं बराच वेळ बघितलं आणि हळूच म्हणाली, “दादा, आईची साडी आमसुली होती. ही वांगी दिसतेय.”

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्यांना प्रीतमकडं उत्तरं तयार असतात.

आणि आता ती सासरी निघाली होती, पार बडोद्याला. आज फोटो सुधारला तरच नवं पान छापून तिच्या हाती पडणार होतं. सगळा दोष लॅपटॉपच्या पडद्याचा, असा निकाल प्रीतमनं स्वतःपुरता देऊन टाकला होता. निकाल देणारा तोच, सुटणाराही तोच.

मास्तर उठले. डाव्या मॉनिटरसमोर वाकले. एक डोळा मिटला.

“निळसर मारतोय.”

मग तो उघडून दुसरा मिटला.

“छे, पिवळट आहे.”

“मास्तर, थट्टा नको.”

“थट्टा कसली? या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्याचा राहिलाय. एकाला जग धुतल्यासारखं दिसतं, दुसऱ्याला चहात बुडवल्यासारखं. आता तू सांग, मी कुठला डोळा बदलू?”

“…खरा कुठला, ते डॉक्टरांना विचारायचं.”

“विचारलं की. भला माणूस, रोज सकाळी त्याला दुवा देतो. म्हणाला, मास्तर, दोन्ही उघडे ठेवा.”

मास्तर परत खुर्चीत टेकले.

“फोटोला रंग कधी दिलास?”

“लग्नानंतर… महिन्याभरानं.”

“साडी समोर होती?”

“अंदाज असतो मास्तर. एवढी वर्षं हेच करतोय.”

“मी रंग भरायचो तेव्हा काय मागून घ्यायचो रे?”

प्रीतमनं मान खाली घातली. फोटो रंगवायला देणाऱ्या बाया सोबत पदराची दशी काढून द्यायच्या. मास्तर तो दोरा कागदावर चिकटवायचे, मगच कुंचला बुडवायचे. हे सगळं प्रीतमच्या डोळ्यांसमोर झालेलं.

“शिकवलं होतंत… मला वाटलं, ते जुन्या काळातलं.”

मास्तरांनी टेबलावरचा फोन त्याच्याकडं सरकवला.

कस्तुरी मलमलीत गुंडाळलेली साडी घेऊन आली. प्रीतमनं खिडकी सताड उघडली आणि पदर डाव्या मॉनिटरच्या कडेला धरला. फोटोतली साडी दिवाळीसारखी पेटली होती.

“वा!” त्याच्या तोंडून निघून गेलं. “बघा मास्तर, साडीपेक्षा साडी सुंदर दिसतेय!”

“छान आहे,” कस्तुरी म्हणाली. शेजारच्यांचं मूल गोड आहे म्हणावं, तशी.

प्रीतमनं तोच फोटो उजवीकडं घेतला. पदर हातात धरून बसला. पडद्याकडं बघ, पदराकडं बघ, थोडा निळा काढ, थोडा तांबडा दे… जीभ दातांत धरली होती त्यानं, शिकाऊ असताना धरायचा तशी.

कस्तुरी एकदम वाकली. तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

“ही घडी!”

पदरावर आडवी, जराशी विटलेली रेघ. ट्रंकेत वर्षानुवर्षं पडून आलेली. डावीकडच्या झगमगाटात ती दिसतच नव्हती.

“आई दिवाळीनंतर हिला ऊन दाखवायची. घडी मोडायची… आणि परत तिथंच घालायची. मी म्हणायची, आई, दुसरीकडं घाल की.”

ती हसत होती. डोळे पुसायचं तिच्या लक्षात नव्हतं.

मग तिनं पदराची एक दशी ओढून काढली आणि कुणी न मागता प्रीतमच्या तळहातावर ठेवली.

“छापताना लागेल. दादा, फार उपकार झाले तुमचे.”

प्रीतमला रोज कुणी ना कुणी थँक्यू म्हणतं. हे उपकार मात्र कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. तो वळला आणि दशी मुठीत धरूनच त्यानं मास्तरांचे पाय धरले.

“माझे कुठले? यांचे.”

“ऊठ, गुदगुल्या होतात.”

कस्तुरी गेली. “उजवीकडचाच ठेव,” मास्तर म्हणाले, तसा प्रीतमनं डावीकडचा मॉनिटर खोक्यात घातला. म्हातारा टेबलाखाली चपला चाचपडत होता.

“मास्तर, एवढं एकच सांगा. उजवीकडचा बरोबर, हे तुम्हाला कुठल्या डोळ्यानं कळलं?”

“पडद्याकडं कोण बघत होतं? मी पोरीकडं बघत होतो.”