दोन खुंट्यांचं जातं

बसा, देवळाच्या ओवरीत सावली आहे. हे जातं बघा. जात्याला खुंटा असतो एकच, याला दोन समोरासमोर. पाथरवट चुकला म्हणून हसू नका, मुद्दाम करवून घेतलेत.

फार मागं या गावात ठकूबाई म्हणून होती. देवीच्या साथीतून तिची लेक वाचली, तेव्हा ती महादेवाला नवस बोलली म्हणे, की जन्मभर तुझ्या भाकरीचं पीठ मी दळीन आणि मुठीमागं एक ओवी म्हणीन. वर ती गुहा दिसते ना, तिथं अमृतगिरी गोसावी बारा वर्षांच्या ध्यानाला बसले होते. अकरा वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही. शेवटचा महिना उरला आणि बुवांचा जीव उतावीळ झाला. एका सकाळी खाली, ती दळायची त्या या ओवरीत येऊन म्हणाले, "बाई, तुमच्या गाण्यानं माझं चित्त ठरत नाही."

ठकूबाईपुढं पेच पडला. गावं तर साधूचं तप मोडतं, न गावं तर लेकीचा नवस. रडली बिचारी, पण तपाचं पाप नको म्हणून पदर दातात धरून मुकाट दळू लागली. हाताची लयच गेली. पीठ भरड पडे, भाकरी थापताना तुटे, तेच तुकडे देवापुढं जात. लेकीला काही होईल या धास्तीनं तिला घास गिळवेना.

चौथ्या दिवशी बुवा पुन्हा ओवरीत हजर. तिला वाटलं, आता घरघरही नको असेल. ती उठायला लागली.

"बसा, माय," बुवा म्हणाले. "माझा श्वास तुमच्या ओवीवर चालत होता, हे मला आत्ता कळलं. चार दिवस ध्यान कसलं, पाय दुखणारा माणूस बसतो तसा नुसता बसलोय. तुम्ही गात दळा, मी जोडीला जातं ओढतो."

पण बुवांना स्त्रीचा स्पर्श वर्ज्य, एका खुंट्यावर दोघांचे हात कसे यायचे? म्हणून पाथरवटाकडून हे दुसऱ्या खुंट्याचं भोक पाडून घेतलं. उरलेले दिवस बुवांनी इथंच डोळे मिटून जातं ओढलं, ठकूबाई समोरून ओढत गात राहिली. त्यांची बारा वर्षं पुरी झाली. तिची लेक नातवंडं खेळवून गेली, असं सांगतात.

आजही देवाचं पीठ असंच निघतं. एकानं ओढता ओढता गायचं, समोरच्यानं डोळे मिटून गप्प ओढायचं. भक्ती मोठी की ध्यान, असं मघाशी तुम्ही दोघं वाटेत भांडत होतात, ते ऐकलं मी. हे घ्या जोंधळे. गाणार कोण तुमच्यात?