आर्गॉनची बाटली

एकदा एका बर्फाळ डोंगरातल्या तलावाकाठी एक वृद्ध पाणबुड्या आपल्या शिष्याला घेऊन मुक्कामाला आला. सगळे त्या वृद्धाला आबा म्हणत. तलावाच्या तळाशी एक लोखंडी जाळी होती. तिच्यातून पाणी खालच्या गावातल्या छोट्या वीजघराकडे जाई. जाळी गाळाने तुंबली आणि गाव अंधारात बसले. तलाव आता गोठायला आला होता. त्याआधी जाळी मोकळी झाली नाही, तर गावाला अख्खा हिवाळा दिव्यावाचून काढावा लागणार होता. आबांचे गुडघे त्यांना पाण्यात उतरू देत नव्हते, म्हणून सगळी भिस्त शिष्यावर होती.

शिष्य म्हणजे उत्साहाचा पुतळा. उजाडताच तो लोकरी कपड्यांवर पाणी आत न येऊ देणारा ड्रायसूट चढवी. मग सिलिंडर, दोर, पहार, सारे एकट्याने काठापर्यंत वाहून आणी आणि कपाळावरचा घाम पुसत पाण्यात शिरे. पण पहिले दोन्ही दिवस थोड्याच वेळात त्याची बोटे बधिर झाली. दुसऱ्या दिवशी तर पहारच हातातून निसटली आणि तो दात वाजवत वर आला. काठावरचे गावकरी माना खाली घालून घरी परतले. तेच त्याला जास्त लागले.

संध्याकाळी त्याला गॅस विकणारा एक व्यापारी भेटला. "खोल पाण्यात सूट अंगाला आवळू नये म्हणून तुम्ही त्यात साधी हवा सोडता ना? तिथंच चुकतं," व्यापारी म्हणाला. "आर्गॉन सोडा. तो उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही." बुडत्याला काडीचा आधार, तसे शिष्याला झाले. आर्गॉनची एक छोटी बाटली विकत घेऊन, ती उराशी धरून तो तंबूत परतला.

सकाळी त्याने नेहमीप्रमाणे सूट चढवला, तोच आबा म्हणाले, "काढ तो. आज तू काही उचलायचं नाहीस. त्या दगडावर जाऊन बस."

आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी, थांबत थांबत, आबाच सामान वाहू लागले. गुरूने ओझी वाहावीत आणि शिष्याने रुसलेल्या जावयासारखे दगडावर बसून राहावे, तेही साऱ्या गावासमोर. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण आज्ञा मोडवेना. सगळी तयारी झाल्यावर आबांनी त्याला कोरडे लोकरी कपडे दिले, वरून सूट चढवला आणि छोटी बाटली स्वतःच्या हाताने त्याच्या कमरेला बांधली.

त्या दिवशी त्याची बोटे शेवटपर्यंत शाबूत राहिली. जाळी मोकळी झाली. तो वर आला, तेव्हा खालून वीजघराचा भोंगा ऐकू येत होता आणि गावकरी त्याच्यासाठी चहा घेऊन उभे होते.

कमरेची बाटली थोपटत तो म्हणाला, "आबा, आर्गॉननं कमाल केली."

आबांनी तंबूकडे बोट दाखवले. आर्गॉनची बाटली उशाशी होती तशीच पडली होती. कमरेच्या बाटलीत होती साधी हवा.

"ऊब गॅसची नसते, बाळा," आबा म्हणाले. "ती तुझ्याच अंगाची. लोकरीच्या धाग्यांत गॅस स्वस्थ बसला, तर तो ती राखतो. आर्गॉन हवेपेक्षा बरा राखणदार आहे, व्यापारी खोटं बोलला नाही. पण तू सूट घालून ओझी वाहायचास आणि आतल्या आत घामानं भिजायचास. तलावाचं पाणी सूटनं बाहेर ठेवलं, नि तू स्वतःचं पाणी आत घेऊन उतरलास. ओल्या लोकरीत राखणदारानं बसावं कुठं?"

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, जरा दमानं घे म्हणून. तू 'हो आबा' म्हणालास आणि दोन सिलिंडर एकदम उचललेस."

शिष्य आधी ओशाळला, मग खो-खो हसला. आपली हौसच आपल्याला गारठवत होती, हे त्याला आता कळले होते.

पुढच्या वर्षी तो त्याच तलावावर एकटा आला. या खेपेला कमरेला आर्गॉनच होता. व्यापाऱ्याने कौतुकाने विचारले, "काय, येते ना ऊब?"

"उत्तम येते," शिष्य दगडावर बसल्या बसल्या म्हणाला. "फक्त आधी इथं बसावं लागतं."