तिम्मव्वाचं वळण

हा आमच्या सावरखिंडीचा बांध. पाहुणे मंडळी आली की आधी हेच विचारतात, एवढा सुतासारखा सरळ आलेला बांध मध्येच कोपरासारखा का वाकलाय? शिकलेले लोक तर हसतातही. हसा बापडे, पण त्या वळणावर चपला काढून उभे राहा.

गोष्ट इंग्रजी अमलातली, मोठ्या दुष्काळानंतरची. सरकारनं इथं ओढा अडवायला घेतला. माती-दगडाचं काम वडारांच्या टोळीकडं होतं. टोळीचा मुकादम वारला आणि त्याची बायको तिम्मव्वा मुकादम झाली. बाईमाणसानं दोरी धरून बांधाची रेघ आखायची, हे त्याआधी या मुलखात कुणी पाहिलं नव्हतं, असं सांगतात.

बांध दोनदा फुटला, दोन्ही वेळा एकाच जागी. दुसऱ्या वेळी खालची आळी माणसांसकट वाहून गेली. तिसऱ्या वर्षी खिंडार पुन्हा भरत आलं, मृग आठ दिवसांवर आला आणि गावाचा धीर सुटला. बांध पहिलटकरणीचा बळी मागतो, असं कुणीतरी बोललं आणि चावडीवर ते ठरूनही गेलं. आपल्या घरातली द्यायची कुणाची छाती झाली नाही. वडारांच्या पालावर तिम्मव्वाची सून गंगव्वा होती, सातव्या महिन्यातली. परक्याची पोर द्यायला गावाला फार विचार करावा लागला नाही. ते आमचेच पूर्वज, सांगताना लाज वाटते. कामावरच्या सरकारी ओव्हरसियरच्या कानावर सगळं गेलं होतं म्हणे. तो तालुक्याला काम काढून निघून गेला.

बांधाच्या पायथ्याशी खड्डा खणला. गंगव्वाला हिरवा चुडा भरून काठावर बसवलं. तिम्मव्वानं सगळ्यांचे पाय धरले. मग मला घाला म्हणाली, तर म्हातारी चालत नाही म्हणाले. तेव्हा तिनं इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर काढलं.

"बांधाला बळी नगं, पाटील. खाली वाळू हाय," ती म्हणाली. "पावसाच्या आधी उरकायचं म्हणून माझ्या धन्यानं वाळू न काढताच भर टाकली. मला ठावं हुतं, मी गप ऱ्हायले. तुमची माणसं आमी मारली. मला मारा, पर आधी बांध बांधू द्या."

पाटलाचा सख्खा भाऊ त्या आळीबरोबर वाहून गेला होता. लोकांनी दगड उचलले. पाटलानं ते खाली ठेवायला लावले आणि तिला आठ दिवस दिले. फुटला तर सासू-सून दोघी खड्ड्यात, असं ठरलं.

वाळू उपसायला आता वेळ नव्हता. म्हणून तिम्मव्वानं वाळूला वळसा घालायचं ठरवलं. पावला-पावलावर ती पहार ठोकत गेली. पहार नुसती रुतली तर खाली वाळू, खणकन वाजली तर खडक. वाजेल तिथं चुन्याची फक्की टाकायची. फक्की जशी वळली, तसा बांध वळला. माती वाहता वाहता गाढवं मेली, माणसं चक्कर येऊन पडली. गंगव्वा आठही दिवस खड्ड्याच्या काठावर पहाऱ्यात होती.

पाणी चढलं तेव्हा नवी भर पुरती बसलीही नव्हती. तिम्मव्वा आपणहून खड्ड्यात उतरली. मातीच्या बांधातून पाझर येतोच. तो नितळ असला तर भय नाही. गढूळ असला तर आतून माती निघाली म्हणून समजायचं. पहिल्या दिवशी तिच्या ओंजळीत गढूळच पाणी आलं. ती खालून जागा सांगे आणि वरचे लोक पाण्याच्या अंगाला तिथं काळी माती टाकत. दुसऱ्या दिवशीही गढूळच. गावानं सामान बांधलं, गंगव्वाचे हातही बांधले. तिसऱ्या दिवशी कमरेइतक्या पाण्यातून तिचा आवाज आला.

"नितळ हाय. पोरीला सोडा."

तिला वर काढलं, पण ती पुन्हा पायांवर उभी राहिली नाही. नातीचं तोंड न बघताच गेली, असं सांगतात.

आजही आमच्या गावात पहिलटकरणीची ओटी या वळणावरच भरतात. आधी सासू पायथ्याशी उतरते, पाझराचं पाणी ओंजळीत घेते आणि नितळ आहे म्हणते. मगच ओटी. गढूळ म्हणाली, तर आधी गावानं बांधावर माती टाकायची. माझ्या आईनं माझ्या बायकोच्या वेळी ओंजळ बघितली आणि गढूळ आहे म्हणाली. कुणी वाद घातला नाही. माझी बायको त्या दिवशी सावलीत बसून पोटभर जेवली, आणि पाटलापासून झाडून सगळ्या गावानं माती वाहिली.