दोन मुद्रांचा शिंपला

एका राज्यात एक आई होती आणि तिला झोप येत नव्हती. त्या राज्यात काळज्यांना तोटा नव्हता. डोंगरात राक्षस होता, विहिरीत नागीण होती. पण हेमकलेची काळजी एवढीशी, सांगायलाही लाज वाटावी अशी: आपली लेक बकुळा बापाचा आवाज विसरत तर नसेल ना?

बकुळेचा बाप सोमदत्त मिठाच्या बेटावर दीप राखायला गेला होता. तिथून सात वर्षांनीच जहाज परते. पण त्या राज्यात बोलके शिंपले होते. एक तिथे, एक इथे; सांजेला बेटावर बोललेलं घरात ऐकू येई. मग दोन महामांत्रिकांत वाद पेटला. डोंगरावरचा वज्रगर्भ म्हणाला, "आवाज शिंपल्यातून निघतो, ती विद्या माझी. तिच्यावर माझी मुद्रा आहे." किनाऱ्यावरचा शंखपाणी म्हणाला, "आवाज शिंपल्यात पोहोचतो, ती विद्या माझी. तिच्यावर माझी." दोघांनी एकमेकांच्या विद्येला शाप दिला आणि एका दिवसात सगळे शिंपले मुके झाले. त्याला दोन वर्षं लोटली. बकुळा आता सहा वर्षांची होती.

हेमकला चार शास्त्रं शिकलेली. तिने उपाय केला. दाराआडून जाड आवाज काढून ती म्हणे, "बकुळे, जेवलीस का?"

"आई, तुला सर्दी झालीय," बकुळा म्हणे.

शेवटी पोरीला आत्याकडे सोपवून ती दरबारात निघाली. वाटेतून दोनदा माघारी फिरली, एकदा तर उगाचच.

राजा धृतिमान म्हणाला, "बाई, त्या दोघांना मीही भितो. माझा किल्ला एकाच्या मंत्रावर उभा आहे, गलबतं दुसऱ्याच्या. तरी तीन साक्षी आण. वज्रगर्भाला दुसऱ्याची गरज आहे, याची एक. शंखपाणीला पहिल्याची गरज आहे, याची एक. आणि दोघांच्याही आधीची एक. मग मी न्याय करीन."

"महाराज, मी साधी बाई."

"म्हणूनच. माझा सेनापती त्यांनी दारातूनच परत धाडला."

वज्रगर्भाची गुहा खजिन्याने भरलेली होती. तेलाविना जळणारा दिवा, आपोआप झुलणारा पाळणा, दूध कधीच उतू न जाणारं पातेलं. प्रत्येकावर मुद्रा आणि मुद्रेवर धूळ.

"हे कोण वापरतं?"

"कोणी नाही. दुसऱ्याने वापरू नये म्हणून ठेवलंय." त्या खजिन्याला शापच तसा होता: जो राखी, त्यालाही तो वापरता येत नसे.

हेमकलेने पातेल्यावरची नजर कष्टाने काढली. "शंखपाणीवाचून तुमचा शिंपला चालवून दाखवा."

तो शिंपल्यात बोलला. आवाज निघाला, गुहेत फिरला, समुद्रावर गेला आणि कुठेच पोहोचला नाही. वज्रगर्भ खाली बसला. "बारा वर्षं मी या शिंपल्याशी बोललो. तेवढ्यात माझी लेक मोठी होऊन सासरी गेली, मी पाहिलीसुद्धा नाही. ते सगळं फुकट वाटून टाकू?"

हेमकला इतकंच म्हणाली, "लेकीची हाक आली, तर तुम्ही ऐकणार कशात?"

त्याने मुद्रेचा एक कपचा काढून तिच्या हातावर ठेवला.

शंखपाणी किनाऱ्यावर शिंपला कानाला लावून बसला होता.

"काय ऐकू येतं?"

"समुद्र."

"नुसताच?"

"नुसताच."

"मग मुद्रा सोडा ना."

"मी सोडली, की उद्या तो माझे सगळे शिंपले फोडील. आधी त्याने सोडावी."

"तेही असंच म्हणतील."

"बघ! म्हणतीलच!" शंखपाणी जवळजवळ खूश झाला. मग त्याने शिंपला पुन्हा कानाला लावला, पुन्हा समुद्रच ऐकला, आणि आपल्याही मुद्रेचा कपचा काढून दिला.

तिसरी साक्ष खाडीत होती. न पोहोचलेले आवाज तिथे धुकं होऊन राहिले होते. हेमकलेने होडी आत घातली. 'मुलगा झाला, कळलं का?' 'औषध घेतलंस?' 'आई, माझा राग गेला गं.' ती एकच आवाज शोधत होती. एवढ्यात कोणीसं म्हणालं, 'आज दिवा लवकर लावला.' तिने वल्हं थांबवलं. तोच का? तिला खात्री होईना. आजवर ती फक्त लेकीसाठी भ्याली होती.

खुंटावर एक जख्ख म्हातारी साळुंकी बसली होती.

"साळुंके, या दोघांच्या आधी शिंपल्यात कोण बोलायचं?"

"कोळणी. या तीरावरून त्या तीरावर. मी तेव्हा अंड्यातून नुकती निघाले होते."

"शोध कोणाचा?"

"कोण जाणे. एकीने दुसरीला शिकवलं. त्यांच्याकडे जाळी पुष्कळ होती, मुद्रा एकही नव्हती."

भर दरबारात साळुंकीने कोळणींची ती जुनी हाक घातली. राजापुढचा मुका शिंपला थरथरला. राजा उठून उभा राहिला. बोलावून आणलेल्या दोघा मांत्रिकांपुढे त्याने त्यांचे कपचे ठेवले. "हाक कोणाचीच नाही. तिच्यात तुम्ही जी भर घातली, तिचा मान बारा वर्षं तुमचा. पण कोणाचा आवाज अडवण्याचा हक्क तुम्हाला नाही. मलाही नाही."

दोघे मांत्रिक एकमेकांकडे न पाहता पुढे आले. दोघांनी एकाच वेळी हात उचलले. मुद्रा वितळल्या, गुहेतले दिवे लागले, खाडीवरचं धुकं उठलं आणि घरोघरच्या दिशेने निघून गेलं.

त्या सांजेला हेमकलेने शिंपला बकुळेच्या हाती दिला.

"बकुळे," शिंपला म्हणाला, "माझी बकुळाच ना? केवढी झालीस गं?"

हेमकलेने पदर दातांत धरला. बकुळेने शिंपला कानापासून दूर धरून न्याहाळला. मग तोंडाजवळ आणून अगदी शहाण्यासारखी म्हणाली,

"काका, शिंपला जरा मोकळा ठेवा हं. माझे बाबा बोलणार आहेत."