काचपेटीचा आकडा

"पण बाई, मग हा आकडा हलवणार कोण?"

तेजपालचा आवाज चिरकला होता. आठवडाभर खपून त्याने लिहिलेला प्रोग्रॅम कित्तूरबाईंनी त्याच्यादेखत पुसून टाकला होता.

बाईंच्या कारखान्यात नवजात बाळांना उबेत ठेवायच्या काचपेट्या बनत. पेटीवरचा स्क्रीन तेजपालकडे होता. ऊब बदलली की आकडा बदल, आकडा बदलला की पट्टीचा रंग बदल, ऊब उतरली की घंटा वाजव... एकेक हुकूम त्याने निगुतीने लिहिला होता. कॉलेजात पहिला आलेला गडी. आपलं कुठे चुकेल हे त्याच्या गावीही नव्हतं.

बाईंनी त्या सगळ्या हुकमांच्या जागी एक ओळ लिहिली.

आकडा म्हणजे पेटीतली ऊब.

मग रंगाचं आणि घंटेचं नातं त्या आकड्याशी जोडलं, आणि हात झटकले.

"यात हुकूम कुठाय?"

"नाहीये."

"मग ऊब बदलल्यावर आकड्याला कळवायचं कुणी?"

बाईंनी पेटीतल्या, ऊब मोजणाऱ्या सेन्सरवर तळवा ठेवला.

आकडा चढू लागला. पाठोपाठ पट्टी रंग बदलत गेली. बाईंनी हात काढला, तसा आकडा हळूहळू उतरला.

कुणी काही सांगितलं नव्हतं; आकडाच उबेला विचारत होता...

तेजपालने स्वतःचा हात ठेवून पाहिला. काढून पाहिला. पुन्हा ठेवला. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं आपण नुसते ओरडून कामं करून घेत होतो, असं त्याला वाटलं, आणि त्या एका ओळीला हात जोडावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी पेटी तालुक्याच्या दवाखान्यात जायची होती. तिथे अपुऱ्या दिवसांचं एक बाळ तिच्यासाठी खोळंबलं होतं.

सकाळी तेजपालने बाईंना पेटी दाखवली. बटण दाबल्यावर सेन्सर जागा होईपर्यंत स्क्रीनवर क्षणभर शून्य दिसे. ते त्याच्या डोळ्यांना खुपत होतं, म्हणून त्याने तेवढी डागडुजी केली होती. आता बटण दाबताच साडेछत्तीस, आणि पट्टी हिरवीगार.

बाईंनी पेटीची झडप उघडली. समोर पंखा लावला. मग स्टूल ओढून बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "काय दाखवतंय?"

"साडेछत्तीस."

"हात घाल आत."

त्याने घातला. छोटीशी गादी गार पडली होती.

स्क्रीन हिरवा होता. घंटा गप्प होती.

त्या गादीवर आज कोण निजणार होतं ते तेजपालला आठवलं. त्याने घाईघाईने प्रोग्रॅम उघडला. बाईंची ओळ जिथल्या तिथे होती. अक्षरही इकडचं तिकडे झालेलं नव्हतं.

"बाई... मी ही पुसली नाही हो."

"नाही पुसलीस."

"मी फक्त बटण दाबल्यावर, एकदाच, आकड्याला साडेछत्तीस सांगितलं. एवढंच."

बाईंनी त्याचा गारठलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ऊब येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

"तू आकड्याला उत्तर देऊन टाकलंस," त्या म्हणाल्या. "आता तो उबेला कशाला विचारत बसेल?"